आवडते लेखक, तीन अर्धवट वह्या आणि पप्पांची काळजी

प्रश्न : सर, मी सेलूला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथा लिहिते. सध्या तीन गोष्टी अर्धवट पडल्यात. मामाच्या गावच्या ऊसतोड कामगारांवर कादंबरी, रझाकारांच्या काळातल्या आजीच्या आठवणींवर काहीतरी मोठं आणि मुलींच्या वसतिगृहावरची एक कथा. चांगलं पुस्तक वाचलं की आठवडाभर मी त्याच लेखकासारखं लिहिते. मग ते खोटं वाटतं आणि दुसरीच वही उघडते. इतकं चांगलं आधीच लिहून झालंय, मी कशाला लिहू, असंही वाटतं. पप्पा म्हणतात, लिहिण्यानं पोट भरत नाही, स्पर्धा परीक्षा दे. कथेची पाच पानं सोबत जोडली आहेत. काय करू?

उत्तर : चांगलं पुस्तक वाचून तू आठवडाभर भारावून जातेस, हे वाचून फार बरं वाटलं. हे भारावणं कमी करू नकोस. त्याला कामाला लाव. आवडलेलं पुस्तक लगेच पुन्हा वाच, पण या वेळी हातात पेन्सिल घेऊन आणि एकच प्रसंग निवडून. प्रसंग सुरू कुठून झाला? माणूस दारात आल्यापासून, की बोलणं अर्ध्यावर आलेलं असताना? त्याच्या घरची परिस्थिती लेखकानं सांगितली, की भिंतीवरच्या खुंटीवरून आपल्याला कळली? संवाद बोलीत आहेत, मग निवेदन कसं आहे? वहीच्या डाव्या पानावर हे टिपून ठेव आणि उजव्या पानावर त्याच घाटाचा एक प्रसंग तुझ्या माणसांना घेऊन लिही. गाणं शिकणारा गुरूची तान आधी जशीच्या तशी गळ्यावर चढवतो, तसंच हे. सरावाच्या वहीत नक्कल राजरोस कर. मग ती कथेत चोरपावलांनी शिरत नाही.

आता तुझ्या पानांबद्दल. घरून आलेले धपाटे तुझ्या वसतिगृहाच्या कथेतली मुलगी खोलीत सगळ्यांना वाटते आणि उरलेला अर्धा कागदात बांधून उशाशी ठेवते. तेवढ्यात आईचा फोन येतो, ‘काय करायलीस? जेवलीस का?’ आणि ती धपाट्यांबद्दल काहीच बोलत नाही. हे तुझं आहे. हे लिहायला त्या खोलीत राहिलेलीच मुलगी लागते, मग आधी कुणी कितीही चांगलं लिहिलेलं असो. चौथ्या पानावर मात्र हीच मुलगी एकाएकी पन्नाशीतल्या माणसासारखी आयुष्याचा अर्थ लावू लागते. त्या आठवड्यात तू कुणाला वाचत होतीस, हे तुझं तुला माहीत असेल. तेवढं पान काढून टाक, कथा आपोआप पुढं सरकेल.

म्हणून पहिली पूर्ण करायची ती वसतिगृहाची कथा. ती सगळ्यात लहान आहे आणि तिच्यातलं सगळं तुझ्या डोळ्यांसमोर आहे. एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेल्यावर जे कळतं, ते दहा सुरुवाती करूनही कळत नाही.

आजीचं प्रकरण वेगळं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झालं. तेव्हा दहा वर्षांची असलेली बाई आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. लिहायला तुला दहा वर्षं लागली तरी चालतील, आजीचं सांगणं मात्र तेवढी वाट बघणार नाही. या सुट्टीत तिच्यापाशी बस, मोबाइलवर आवाज टिपून घे. मोठमोठ्या घटना विचारू नकोस. घर सोडून कुठं गेलात, सोबत काय घेतलं, जनावरांचं काय केलं, रात्री काय खाल्लं, असं विचार. ती थकली की थांब. रेकॉर्डिंगची एक प्रत भावाच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरही ठेव.

कादंबरी सध्या फक्त गोळा कर. मुकादमाची उचल, कोयता म्हणून मोजली जाणारी नवरा-बायकोची जोडी, मागं गावात म्हाताऱ्यांपाशी राहिलेली लेकरं हे तू मामाकडून ऐकलंयस. गळीत हंगामात मामाला घेऊन फडावर जा, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तिथं राहा. तोवर एक वही तिच्या नावानं असू दे. सुचेल ते तारीख घालून लिही आणि परत कथेकडं ये.

पप्पांची काळजी खरी आहे आणि त्यावर रागावण्यासारखं काही नाही. मराठीत निव्वळ कथा-कादंबरीवर घर चालवणारे फार थोडे. पण आपल्याच भागातले लेखक बघ. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिले. आयुष्य जेमतेम चाळीस वर्षांचं, १९१३ ते १९५३. रा. रं. बोराडे प्राध्यापक आणि प्राचार्य होते. आसाराम लोमटे पत्रकार, २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कथासंग्रहाला मिळाला. तुळजापूरच्या देविदास सौदागरांनी शिवणकाम करत कादंबरी लिहिली आणि २०२४ला अकादमीचा युवा पुरस्कार मिळवला. कोणतं काम केल्यावर तुझ्या डोक्यात लिहिण्यापुरती जागा उरेल, हे पप्पांसोबत बसून ठरव.

मला तुझ्यासाठी दोन वाटा दिसतात. एक, मराठीत एम.ए. करून सेट-नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा. सोबत बी.एड. कर, म्हणजे शाळेचं दार उघडं राहील, कारण महाविद्यालयातल्या पूर्णवेळ जागा कमी आणि उमेदवार जास्त आहेत. दुसरी स्पर्धा परीक्षाच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि वैकल्पिक विषयांत मराठी वाङ्मय आहे, त्यामुळे तुझं वाचन तिथं वाया जात नाही. अभ्यासाच्या काळात लिहिणं पूर्ण बंद मात्र करू नकोस. सकाळचा एक तास राखून ठेव. मुद्रितशोधन शिकून घे. त्याचे चार पैसे मिळतात आणि स्वतःचं वाक्य तपासायची सवय लागते.

दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर ठरवतात. तेव्हा जूनपर्यंत कथा टाइप करून एका अंकाला पाठव. नकार आला तर दुसऱ्या अंकाला. पुस्तकाएवढ्या कथा झाल्या की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघ, ती पहिल्या पुस्तकासाठीच असते. आणि चौथ्या पानाशिवायची कथा मला वाचायची आहे, जरूर पाठव.