आधी स्वतःचा आठवडा उलगडा, मग संस्था शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पूर्णवेळ नोकरी आहे, घरी पोचायला रोज साडेसात-आठ होतात, शनिवार-रविवारातला निम्मा वेळ घरच्या कामांत जातो. तरीही काहीतरी समाजोपयोगी करायची मनापासून इच्छा आहे. दोन ठिकाणी नाव दिलंत. एकीकडून उत्तरच आलं नाही, दुसरीकडे तीनदा जाऊन पुढे जमलं नाही आणि आता त्या संस्थेचा फोन आला तरी उचलायची लाज वाटते.

लाजेचं आधी बोलू. मी गेली 18 वर्षं नोकरी सांभाळून काही ना काही करते आहे, पण माझं पहिलं काम जेमतेम तीन महिने टिकलं. शनिवारी सकाळी मुलांना गणित शिकवायचं होतं. ‘दर शनिवारी येईन’ असं मी छातीठोकपणे सांगितलं. सात शनिवार गेलेही. मग ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब सुरू झाले आणि लागोपाठ दोन शनिवार बुडाले, तेही सकाळी निरोप पाठवून. माझ्या जागी संयोजक बाईंनी अपूर्णांकांचा तोच धडा त्यांच्या रीतीने शिकवला. मी परत गेले तेव्हा मुलं दोन्ही रीतींची खिचडी करून बसली होती. पुढचे दोन शनिवार ते निस्तरण्यात गेले. मी गेलेच नसते तर त्या बाईंचं काम कमी झालं असतं, हे तेव्हा लख्ख कळलं.

चूक माझ्या इच्छेत नव्हती, शनिवारात होती. माझे शनिवार माझ्या मालकीचे नव्हतेच, ते ऑफिसने मला उसने दिले होते. म्हणून तुमच्या ‘कुठलं काम योग्य’ या प्रश्नाआधी मी विचारेन, की तुमच्याकडे कसला वेळ आहे? किती, ते नंतर.

मागचे चार आठवडे आठवून कागदावर मांडा. पुढचे नको, मागचेच. पुढच्या आठवड्यात आपल्या सगळ्यांकडेच भरपूर वेळ असतो. कुठला तास खरोखर तुमचा होता, ज्यात ऑफिसचा फोन आला नाही आणि घरच्यांनी हाक मारली नाही? असा एखादा तास चारही आठवड्यांत त्याच जागी दिसला तर तो ‘ठरलेला तास’. वीस-पंचवीस मिनिटांच्या फटी दिसल्या पण रोज वेगळ्या वेळी, तर ते ‘सुटे तुकडे’. आणि आठवड्याचं काहीच खरं नसलं पण वर्षातून चार-सहा दिवस रजा टाकून मोकळं होता येत असेल, तर ‘सलग दिवस’. बहुतेक लोक सुट्या तुकड्यांचे धनी असतात आणि नाव मात्र ठरलेल्या तासाच्या कामाला देतात. तुमचंही तेच झालं असावं.

तुकड्यांसाठी काम कसं ओळखायचं? तुम्ही आज आला नाहीत तर कुणाचं अडत नाही, असं काम शोधा. इंटरनेटवरची बरीचशी स्वयंसेवा मुद्दाम अशी बेतलेली असते. ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ हा 2000 साली सुरू झालेला उपक्रम घ्या. स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यांचा मजकूर संगणकाने ओळखलेला असतो. तुम्ही एक पान उघडायचं, मूळ पानाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या आणि परत द्यायचं. तेच पान पुढच्या फेऱ्यांत दुसरे लोक पुन्हा तपासतात. तुमची नजर एखादी वेलांटी चुकली तरी आभाळ कोसळत नाही. एक पान झालं की तुम्ही मोकळे. उद्या या, नाहीतर महिन्याने या.

‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचं मानवतावादी काम मला सगळ्यांत जास्त आवडतं. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्तोप्रिन्सचा नीट नकाशाच उपलब्ध नव्हता. जगभरातल्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रं पाहून रस्ते आणि इमारती आखल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. आजही काम त्याच पद्धतीने चालतं. मोठ्या भूभागाचे छोटे चौकोन पाडलेले असतात. तुम्ही एक चौकोन घेता, त्यातली घरं आखता आणि सोडून देता. अर्धवट राहिला तर काही वेळाने तो आपोआप दुसऱ्यासाठी मोकळा होतो. पहिल्या दिवशी मी एक मोठा खडक घर म्हणून आखला होता. तपासणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी फारच सौम्य शब्दांत तो खडक असल्याचं कळवलं.

‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांना हवी असलेली छायाचित्रांची वर्गवारी करता येते. त्याची सुरुवात 2007 च्या ‘गॅलेक्सी झू’मधून झाली. त्यात लोकांनी दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, आकार ओळखायचे होते आणि प्रत्येक चित्र अनेकांना दाखवलं जायचं, म्हणजे एकाच्या चुकीने निष्कर्ष बिघडत नसे. त्याच वर्षी हॅनी वान आर्केल या डच शिक्षिकेने एका चित्रातल्या विचित्र डागाबद्दल विचारलं आणि तो खगोलशास्त्रज्ञांनाही नवा निघाला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. शाळेची नोकरी सांभाळून फावल्या वेळात केलेलं काम, बरं का! अर्थात त्या आशेने जाऊ नका. शंभरातली नव्याण्णव चित्रं कंटाळवाणी असतात.

लिहिण्याचा हात असेल तर मराठी विकिपीडिया 2003 पासून माणसांची वाट बघतो आहे. एखाद्या लेखात विश्वासार्ह संदर्भ जोडायला वीस मिनिटं पुरतात. ‘बी माय आइज’ हे 2015 चं ॲपही अनेकजण सुचवतील. दृष्टिहीन व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि आपण डब्यावरचं लेबल किंवा यंत्राचं बटण वाचून दाखवतो. तुम्ही उचलला नाही तर कॉल दुसऱ्याकडे जातो, म्हणजे नोकरदारासाठी रचना आदर्श. पण तिथे मदत मागणाऱ्यांपेक्षा मदत करणारे कितीतरी जास्त आहेत. दीर्घकाळ एकही कॉल येत नाही आणि माणूस हिरमुसतो. ॲप टाकून ठेवा, पण तेवढ्यावर ‘मी काहीतरी करतो आहे’ असं समाधान मानू नका.

आता ठरलेला तास. तो असेल तर सोन्यासारखा जपा, कारण माणसांशी थेट संबंध येणारं जवळजवळ प्रत्येक काम त्यावरच उभं असतं. शिकवणं, वृद्धांना भेटणं, दृष्टिहीनांसाठी वाचन, सगळंच. मनाने खचलेल्यांचं ऐकून घेणाऱ्या सेवांचंही तेच. लंडनमध्ये 1953 साली सुरू झालेली ‘समॅरिटन्स’ ही संस्था आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्याच पाळ्यांवर चालते. अशा ठिकाणी रात्रीच्या पाळीलाही माणसं लागतात, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्याला जागा असते. मात्र या कामांना आधी प्रशिक्षण लागतं. अमेरिकेतल्या ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ या मोबाइल संदेशांतून आधार देणाऱ्या सेवेत सुमारे 30 तासांचं प्रशिक्षण आणि नंतर एकूण 200 तास देण्याची अपेक्षा असते. आकडा ऐकून दचकू नका, पण आठवड्याला चार तास धरले तर ते जवळपास वर्षभराचं काम आहे, हे आधी मांडून बघा. आणि दिवसभर ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकण्याचीच तुमची नोकरी असेल, तर संध्याकाळी पुन्हा ऐकायलाच बसू नका. कान भरलेले असतात. झाडं लावा, पुस्तकांना क्रमांक घाला, काहीही मुकं काम करा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणं हे ठरलेला तास आणि सलग दिवस यांच्या मधलं काम आहे. तारीख आधी कळते, रजा टाकता येते, तीन तासांत काम पूर्ण होतं. पण एकदा हो म्हटलं की ऐनवेळी नाही म्हणायची सोय नाही, समोरच्याचं वर्ष पणाला लागलेलं असतं. काही परीक्षांमध्ये लेखनिकाचं शिक्षण किती असावं याच्या अटी असतात. त्या आधी विचारून घ्या, नाहीतर दारातून परत यावं लागतं.

सलग दिवसवाल्यांसाठी रक्तदान आहेच. दोन रक्तदानांमधलं सक्तीचं अंतर देशानुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार 56 दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत असतं, त्यामुळे ते आपोआप वर्षाच्या वेळापत्रकात बसतं. 1998 पासून दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये एका जागी किमान 15 मिनिटं पक्षी मोजले तरी नोंद घेतली जाते. आपत्तीच्या ठिकाणी मात्र उठून धावत जाऊ नका. प्रशिक्षण नसलेला, ओळखपत्र नसलेला माणूस तिथे राहायची-झोपायची एक जास्तीची सोय मागतो. जायचंच असेल तर शांततेच्या काळात एखाद्या पथकाचं प्रशिक्षण घ्या. अनाथालयातल्या एका दिवसाच्या भेटीबद्दलही माझं मत वाईट आहे. अनोळखी माणसांनी यायचं, लळा लावायचा, फोटो काढायचे आणि निघून जायचं, याचा त्या मुलांना त्रासच होतो.

‘माझं व्यावसायिक कौशल्य देऊ का?’ असंही तुम्ही विचारलं आहे. द्या, पण जपून. मी हिशेबाच्या क्षेत्रातली, त्यामुळे संस्था मला बघितलं की वह्या पुढे करतात. दोन वर्षं मी त्या लिहिल्याही, आणि दिवसा जे करते तेच रात्री करून वैतागले. आता मी एकदाच बसून त्यांच्या माणसाला जमाखर्च मांडायला शिकवते आणि पुढे महिन्यातून एकदा नजर टाकते. संगणकवाल्यांना एक विनंती. कुणाला वेबसाइट बनवून देऊन गायब होऊ नका. पासवर्ड कुणाकडे आहे हे माहीत नसलेल्या, चार वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची जाहिरात करणाऱ्या किमान तीन वेबसाइट मी जवळून पाहिल्या आहेत. मुदत आणि काम स्पष्ट हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवा बघा. तिथली कामं आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास आणि 12 आठवड्यांपर्यंतची असतात. भाषांतर, आरेखन, संशोधन असं बरंच काही. 20 हा आकडा कमाल आहे, नोकरदाराने त्याच्या पाव भागाची कामं निवडावीत.

त्याआधी नियुक्तिपत्र एकदा नीट वाचा. बाहेरचं काम, विनामोबदला असलं तरी, कळवणं काही ठिकाणी बंधनकारक असतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या करारात तर तुम्ही लिहिलेलं काय काय कंपनीचं, याचंही कलम असू शकतं. ऑफिसचा लॅपटॉप या कामाला अजिबात वापरू नका. दुसऱ्या बाजूने, तुमच्या कंपनीत स्वयंसेवेसाठी पगारी रजा आहे का तेही विचारा. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीसारख्या काही कंपन्या वर्षाला सात दिवस देतात. अनेकांना स्वतःच्या कंपनीतली अशी सोय माहीतच नसते.

संस्थेला भेटाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. ‘एखाद्या दिवशी मी आलो-आले नाही तर काय होतं?’ आणि ‘हे काम आधी कोण करत होतं, त्यांनी का सोडलं?’ पहिल्याचं उत्तर तयार नसेल तर तिथे सगळा भार तुमच्या खांद्यावर येणार. दुसऱ्याला उडवाउडवीची उत्तरं मिळाली तरी समजून जा. मुलांबरोबरचं काम असेल आणि तुमची काहीही चौकशी न करता पहिल्याच दिवशी तुम्हाला वर्गात एकटं सोडत असतील, तर ती जागा चांगली नाही. ओळख, चारित्र्य यांची पडताळणी मागणाऱ्यांवर रागावू नका, ते मुलांची काळजी घेत असतात. आणि प्रवास मोजा. दोन तासांचं काम, जाऊन-येऊन दीड तास, म्हणजे साडेतीन तास. माझी बुडालेली बहुतेक कामं प्रवासातच बुडाली.

राहिलं उत्तर न आल्याचं. लहान संस्थेत टपाल बघणारी, फोन उचलणारी आणि देणगीच्या पावत्या फाडणारी व्यक्ती एकच असते. ‘मला काहीतरी करायची इच्छा आहे, कसा उपयोग होईल?’ असं लिहिलं की विचार करायचं काम तुम्ही तिच्या टेबलावर ठेवता. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘मला दर मंगळवारी रात्री 8 ते 9 वेळ असतो, घरून. पुढचे तीन महिने नक्की, त्यानंतर बोलून ठरवू. मराठी टंकलेखन आणि मुद्रितशोधन जमतं. वर्षअखेरीचे दोन आठवडे मला जमणार नाही. यात बसणारं काम आहे का?’ हो किंवा नाही इतकंच उत्तर त्यांना द्यायचं आहे. आठवड्याने एक फोन करा. तरीही शांतता असेल तर पुढची संस्था. राग धरू नका.

तीन महिन्यांची मुदत मी मुद्दाम घातली आहे. मुदत असली की सोडणं म्हणजे पळून जाणं होत नाही. आणि जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या निम्मंच कबूल करा. दोन तास वाटतात? एक सांगा.

त्या जुन्या संस्थेचा फोन मात्र उचला. ‘मला आठवड्याचं जमत नाही, माझ्याऐवजी दुसरं कुणी बघा’ एवढं सांगायला एक मिनिट लागेल. तुमची जागा त्यांनी अजून रिकामी ठेवली असण्याची शक्यता आहे. चार आठवड्यांचा कागद झाला की इथे कळवा, कुठल्या प्रकारचा वेळ निघाला तेवढं सांगा. त्यावरून दोन-तीन कामं सुचवते.