मुलाला गोल्फ प्रो व्हायचंय: आधी कट चुकवण्याची ऐपत बघा

ताई, प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पंधराचा, पुण्यात क्लबवर खेळतो, हँडिकॅप (म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात तो आकडा) सहा. दहावीनंतर शाळा नावापुरती ठेवून प्रो व्हायचं म्हणतोय, कोच म्हणतात 'हात आहे', आणि तुमच्या मिस्टरांना एवढंच कळून घ्यायचंय की यात पोट भरतं का. मी सहा वर्षं पीजीटीआयवर, म्हणजे आपल्याकडच्या प्रो टूरवर, काढली. बोर्डावर वरच्या दहात नाव क्वचितच लागलं. आता रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पोरांना शिकवतो. वरच्यांचं काय होतं ते पेपरात येतंच. मधल्यांचं काय होतं ते मी सांगतो.

आधी हँडिकॅप. सहा ऐकायला छान वाटतं, पण आताच्या पद्धतीत तो शेवटच्या वीस राऊंडांमधल्या सर्वांत चांगल्या आठांवरून निघतो. म्हणजे बारा वाईट दिवस त्यात धरलेलेच नाहीत. त्याची खरी सरासरी त्याहून दोन-तीन फटके वर असणार, आणि तीही ओळखीच्या कोर्सवर, घरचं जेवून. टूरवरची पोरं प्लसमध्ये असतात, म्हणजे पारहूनही कमी फटक्यांत खेळतात: प्लस तीन, प्लस चार. दोन दिवसांचा हिशेब केलात तर आज तुमचा मुलगा कटपासून, म्हणजे दोन दिवसांनंतर स्पर्धेत पुढे जाऊ देणाऱ्या रेषेपासून, वीसेक फटके लांब आहे. पंधराव्या वर्षी हे अंतर कापता येतं. पण 'हात आहे' एवढ्यावर शाळा सोडायची वेळ अजून आलेली नाही.

आता पोटाचं. पीजीटीआयवर पहिले दोन दिवस, म्हणजे 36 होल, सगळे खेळतात. मग वरचे पन्नास आणि बरोबरीत असलेले, एवढेच पुढे जातात. बाकीच्यांना शून्य. कमी पैसे नाहीत हो, शून्य. एक कोटीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला 15 लाख मिळतात, तिथून खाली रक्कम भराभर उतरते आणि कट जेमतेम गाठलेल्याचा त्या आठवड्याचा खर्च निघाला तर निघाला. एंट्री फी, प्रवास, हॉटेल, आणि बॅग उचलणारा, लाइन सांगणारा कॅडी. माझा आठवडा तिघांत एक खोली घेऊनही पंचवीस-तीस हजारांच्या खाली कधी गेला नाही. आणि त्याला बरीच वर्षं झाली.

एका पटचं (होलाजवळ बॉल कपात घालायच्या हलक्या फटक्याचं) सांगतो, म्हणजे कळेल. जमशेदपूरची स्पर्धा. त्याआधी माझे सलग तीन कट चुकले होते. दुसऱ्या दिवशी दहाव्यावरून सुरुवात होती, त्यामुळे माझं शेवटचं होल नववं. मी दोन अंडर, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी, कटही तिथेच थांबणार असं सगळे म्हणत होते. पारसाठी चार फुटांचा पट राहिला होता. कॅडी तिथलाच पोरगा, हजारदा ते ग्रीन पाहिलेला. म्हणाला, "सर, कप के अंदर रखो, बाहर मत जाओ." मलाही तीच लाइन दिसत होती. उभा राहिलो आणि डोक्यात आलं: हा चुकला तर सलग चौथा कट गेला, मग पुढच्या आठवड्याचे पैसे कुठून? हात आपोआप सावध झाला. एका बॉलच्या रुंदीएवढा जास्त उजवीकडे धरला, वेगही कमी ठेवला. बॉल कपाच्या उजव्या कडेला लागून फिरला आणि बाहेर आला. कॅडी काही बोलला नाही, झेंडा परत लावून बॅग उचलली.

टाटानगरहून आझाद हिंद पकडली. गोल्फ बॅग साइड लोअरखाली मावत नाही, म्हणून पायाशी घेऊन बसलो. समोरच्या काकांनी विचारलं, "हॉकी का?" मी हो म्हटलं.

तो पट हाताने चुकला नव्हता. तोच पट सरावात मी शंभरातले नव्वद घालत होतो. म्हणून तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मी जरा फिरवून विचारतो: सलग आठ कट चुकले तर नववा आठवडा खेळायला पोरगा शांत डोक्याने जाऊ शकेल, एवढी तुमची ऐपत आहे का? फक्त पैशाची म्हणत नाही, घरातल्या बोलण्याचीही. फोनवर आईचं पहिलं वाक्य "काय झालं रे?" असेल तर पोराला पुढच्या पटावर तेच ऐकू येतं.

आपल्याकडे या खेळात टिकलेले कोण ते बघा. अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होते, 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय प्रो तेच. 1993 मध्ये पुन्हा जिंकले. एसएसपी चौरसियांचे वडील कोलकात्यात रॉयल कलकत्त्याच्या कोर्सवर ग्रीनकीपर, म्हणजे गवताची निगा राखणारे. त्यांनीही 2016 आणि 2017, लागोपाठ दोनदा तीच स्पर्धा घेतली. सोमवारी कोर्स बंद असतो तेव्हा बऱ्याच क्लबांत कॅडींना खेळू देतात, त्या सोमवारांतून असे खेळाडू घडलेत. दुसऱ्या बाजूला लष्करातल्या घरांतली मुलं, ज्यांना छावणीतला कोर्स दाराशी मिळाला. अनिर्बन लाहिरी पुण्यातच जन्मले, वडील लष्करात डॉक्टर. या दोघांच्या मध्ये आपण पांढरपेशे: कोर्स महाग, सोमवार आपला नाही, आणि नोकरीवाल्या बापाचा पीएफ हाच एकमेव स्पॉन्सर. खरे स्पॉन्सर नाव झाल्यावर येतात. मला एका बिल्डरने वर्षभराचं कबूल केलं होतं. लोगोची टोपी लगेच आली, पैसे दोन महिने आले, मग फोन उचलणं बंद. टोपी अजून आहे, उन्हात बरी पडते.

वरचं चित्रही अर्धवट दिसतं. लाहिरींनी 2022 मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने दुसरा नंबर काढला तेव्हा त्या आठवड्याचे 21 लाख 80 हजार डॉलर मिळाले, हे तुमच्या मुलाला पाठ असणार. अर्जुन अटवाल यांच्याबद्दल त्याला विचारा. 2010 मध्ये त्यांचं अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, गेलं. त्यानंतर ते सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरले आणि ती जिंकली. पीजीए टूरवरची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय त्या आठवड्यात मागच्या दाराने आत आलेला होता. आणि आपले पुण्याचे उदयन माने: टोकियो ऑलिंपिकच्या साठ जणांत आधी नव्हतेच. अर्जेंटिनाच्या ग्रियोने माघार घेतली आणि जागा मिळाली. तिथे 56वे आले म्हणून लोक हसले, पण टूरवर वर्षानुवर्षं खेळत राहिल्याशिवाय माणूस त्या राखीव यादीतही नसतो.

मग करायचं काय? दहावी-बारावी नीट होऊ द्या. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर आणि अमॅच्युअर स्पर्धा खेळवा, मुद्दाम परक्या कोर्सवर. पूना क्लबच्या येरवड्याच्या कोर्सवर 74 मारणारा पोरगा बाहेर 82 मारतो, ते त्याने आत्ताच बघू दे. स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅप शून्य, होईपर्यंत क्यू स्कूलचं (टूरवर जागा मिळवायच्या पात्रता स्पर्धेचं) नाव काढायचं नाही, आणि प्रो व्हायचं तेव्हा दोन सीझनचे पैसे वेगळे काढून मगच. तोवर कुठल्याही स्पर्धेत रोख बक्षीस घेण्याआधी नियम विचारा. मर्यादेपलीकडे घेतलं तर अमॅच्युअर दर्जा जातो. आणि त्याला ड्रायव्हरपासून, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीपासून, जरा लांब ठेवा. चौरसिया काही लांब मारण्यासाठी प्रसिद्ध नाहीत. शंभर यार्डांच्या आतला खेळ हेच त्यांचं घर. रेंजवर मात्र सगळी पोरं ड्रायव्हरच हाणत असतात, कारण तो आवाज बापाला आवडतो.

नाही जमलं तर? एनजीएआयचे (नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे) प्रशिक्षक-कोर्स करून शिकवता येतं, मी तेच केलं. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. कधीकधी एखाद्या पोराची चार फुटांची लाइन बघताना पोटात गोळा येतो, पण तो माझा प्रश्न.

त्याच्या शेवटच्या वीस राऊंडांची कार्डं फोटो काढून पाठवा. होम कोर्सची एका बाजूला, बाहेरची दुसऱ्या बाजूला लावा. आणि कार्डावर होलागणिक पट किती झाले ते लिहिलेलं नसेल, तर उद्यापासून लिहायला लावा.