बुरशीत कसलं करिअर?

नमस्कार दादा,

तुमची मुलगी बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टला सडक्या मक्यावरची बुरशी घेतलीय, ती म्हणे कच्चा स्टार्च पचवते, तिला एमएस्सी करून यातच जायचंय आणि तुम्हाला बीएड बरं वाटतंय. काळजी कळते, पण "बुरशीत कसलं करिअर" हे काही पटलं नाही बुवा. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी माणसाने बुरशीच्या एन्झाइमचं, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या प्रथिनाचं, पेटंट अमेरिकेत 1894 मध्येच घेतलं होतं, धंदा जुनाच आहे.

मक्यापासून इथेनॉल करताना पिठाचा घोळ आधी 100 डिग्रीच्या आसपास किंवा वर शिजवतात, मग 60 च्या आसपास आणून ग्लुकोअमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम, टाकतात, ते बऱ्याचदा अस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचं असतं. शिजवायला वाफ, वाफेला इंधन, म्हणजे पैसा. पण काही बुरश्यांच्या एन्झाइमला स्टार्चच्या दाण्याला घट्ट धरणारा एक वेगळा भाग असतो, त्यामुळे न शिजवताच, 30-35 डिग्रीला, साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टसोबत एकाच टाकीत काम होतं. अमेरिकेत पोएट कंपनी मक्यावर हे करते. फुकटात नाही हां, एन्झाइम जास्त लागतं आणि शिजवणं गेलं की धान्यासोबत आलेले जंतूही जिवंत राहतात, ते सांभाळावं लागतं.

आता मुलीला एकच विचारा, आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो, ते ओतल्यावर प्लेटवर बुरशीभोवती जो क्लिअर झोन, म्हणजे स्टार्च पचलेला भाग, दिसला तिथला स्टार्च कच्चा होता का? प्लेट घट्ट करणाऱ्या अगारसोबत ऑटोक्लेव्ह केला असेल, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केला असेल, तर तो शिजलेलाच, मग झोनवरून फक्त साधं अमायलेज (शिजलेला स्टार्च तोडणारं एन्झाइम) कळतं, कच्च्याचं काहीच नाही. न शिजवलेला मक्याचा स्टार्च बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) एन्झाइमसोबत शेकरवर, म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावर, ठेवून किती साखर सुटली ते डीएनएस या साखर मोजायच्या रसायनाने मोजायचं, सोबत बिनएन्झाइमचा कंट्रोल. हे ऐकून ती वैतागली तर ठीक, पण लगेच लॅबमध्ये पळाली तर बीएडचा विषय तूर्त बंद करा, तो एमएस्सीनंतरही होतो.

नोकरीचं खरं सांगतो. नुसत्या एमएस्सीवर बहुतेकदा क्यूसी लॅब (मालाची गुणवत्ता तपासणारी) मिळते, सुरुवातीचा पगार बेताचा, प्लांटला शिफ्ट असतात. फर्मेंटर, म्हणजे बुरशी-यीस्ट वाढवायची टाकी, हाताने चालवलेला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून एमएस्सीचं कॉलेज निवडताना तिथे चालू फर्मेंटर आहे का ते जाऊन बघा, ब्रोशरवर विश्वास नको. आपल्याकडेच ठाण्याला अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम्स आहे, पुण्यात इथेनॉल प्लांट उभारणारी प्राज आहे, रिसर्चच करायचा तर पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल आहे आणि तिथल्याच आघारकर संशोधन संस्थेत तर बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहच आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात, तेही बघून ठेवा.

आयआयटीतून एमएस्सी करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक पेपर द्यावा लागेल. फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे प्रोजेक्टच्या ऐन गर्दीत, तेव्हा अभ्यास दिवाळीच्या आधीच सुरू करायला सांगा.