वही भरली, तक्रार मात्र राहिली

वरच्या फ्लॅटमधला मध्यरात्रीचा स्पीकर, जिन्यात पोरांचा अड्डा, हटकलं की दारावर लाथा. शेजाऱ्यांच्या त्रासाबद्दलची तुमची पोस्ट वाचताना वाटलं, इथलं, इंग्लंड-वेल्समधलं, आमचंच घर. पण लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'सगळं वहीत टिपतोय, पुरेसं जमलं की कौन्सिलला एकदमच देणार.' कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. अहो, तेवढं करू नका.

शेजाऱ्यांशी आधी बोला वगैरे सांगत नाही, ते करून झालं असणारच. पोलिसांना तातडीचा ९९९ कधी आणि एरवीचा १०१ कधी लावायचा हेही माहीत असेल.

माझी वही सात महिन्यांची होती. तारीख, वेळ, किती वाजता थांबलं, बायकोला सकाळी कितीला कामावर जायचं होतं, सगळं. ती घेऊन एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही). तिथल्या बाईंनी पानं उलटली आणि शांतपणे सांगितलं, यातल्या शेवटच्या तीन-चार नोंदीच धरता येतील.

कारण असं. समाजाला त्रास देणाऱ्या वागणुकीविरुद्धच्या २०१४ च्या कायद्यात इंग्लंड आणि वेल्ससाठी केस रिव्ह्यूची, म्हणजे प्रकरणाच्या फेरतपासणीची, सोय आहे, पूर्वी त्याला कम्युनिटी ट्रिगर म्हणत. तक्रारी करूनही दाद लागत नसेल तर आपण तो मागू शकतो, मग कौन्सिल, पोलीस, आरोग्यवाले आणि हाउसिंग असोसिएशन (घरं भाड्याने देणारी संस्था) यांना एकत्र बसून तुमचं प्रकरण बघावंच लागतं. अट साधारण सहा महिन्यांत तीन तक्रारींची. स्थानिक नियम यापेक्षा सैल असू शकतात, कडक नाही. पण घटना घडल्यापासून महिन्याच्या आत कळवली तरच ती तक्रार म्हणून मोजतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वही पुरावा म्हणून उत्तम, पण ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवरकडे केलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

फोनचंही तेच. आम्ही दहा-बारा वेळा फोन केले, त्यांच्या कॉम्प्युटरवर दोनच. रेफरन्स नंबर मागायचं सुचलंच नाही. पोलीस म्हणणार कौन्सिलकडे जा, कौन्सिल म्हणणार घरमालक संस्थेकडे, संस्था म्हणणार पोलिसांकडे. या टोलवाटोलवीत माझं जवळजवळ वर्ष गेलं. आता मी ईमेलशिवाय बोलत नाही. फोन करावाच लागला तर त्याच दिवशी 'आत्ता झालेल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी पाठवतो.

थोडं मन मोकळं करतो. १९९८ च्या कायद्याने अ‍ॅस्बो (असा त्रास रोखणारा कोर्टाचा आदेश) आणला, २०१४ च्या कायद्याने तो मोडीत काढून इंजंक्शन (कोर्टाचा मनाई हुकूम) आणलं, २०२३ मध्ये सरकारचा अ‍ॅक्शन प्लॅन, २०२४ च्या अखेरीस रिस्पेक्ट ऑर्डर या आणखी एका कोर्टाच्या आदेशाची घोषणा. प्रत्येक सरकारला नवं नाव सापडतं, फोनवर ताटकळताना वाजणारं संगीत मात्र जुनंच.

मी वकील नाही, आणि तुम्ही स्कॉटलंडमध्ये असाल तर हे सोडून द्या, तिथला कायदा वेगळा. शिवाय रिव्ह्यू म्हणजे शेजाऱ्याला शिक्षा नव्हे. या कार्यालयांनी काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते त्यात तपासतात. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या संमतीने कौन्सिलर किंवा एखादा मित्रही अर्ज करू शकतो.

आमच्याकडे बैठक झाली, वरच्यांना कम्युनिटी प्रोटेक्शनची लेखी ताकीद (त्रास थांबवा, नाहीतर नोटीस येईल, अशी) गेली आणि स्पीकर थांबला. पुढच्या नोटिशीची वेळ आली नाही. जिन्यातली पोरं पलीकडच्या ब्लॉकमध्ये सरकली, तिथल्यांचं काय झालं कोण जाणे.

आणखी एक. घर मालकीचं असेल तर विकताना शेजाऱ्यांशी झालेले वाद फॉर्मवर सांगावे लागतात. त्या भीतीने तक्रारच न करणारे लोक मला माहीत आहेत. मला ते पटत नाही, पण घर तुमचं, निर्णयही तुमचा.

आत्ता वही उघडा आणि गेल्या महिन्याभरातल्या नोंदी वेगळ्या काढा. प्रत्येक घटनेची स्वतंत्र ईमेल, आज रात्रीच.