बी.ई. झाल्यावर लगेच आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावं का? (इंदूर)

माझं स्पष्ट मत, आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेत, इंदूर सोडायचीही गरज नाही. रिलीजच्या तोंडावर क्लायंट 'एवढं एकच फील्ड वाढवा' म्हणतो आणि त्यापायी डेटाबेस, रिपोर्ट, टेस्टिंग सगळं पुन्हा करावं लागतं. हे एकदा अंगावर आलं की स्कोप (प्रोजेक्टमध्ये नेमकं किती काम करायचं याची हद्द) आणि क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की अख्खा प्रोजेक्ट लांबतो, ती कामांची साखळी) वर्गात नुसते पाठ करावे लागत नाहीत.

शिवाय पुढे पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरसाठीची प्रमाणपत्र परीक्षा) द्यायची असेल तर चार वर्षांच्या पदवीवर साधारण 36 महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव मागतात. नुसत्या मास्टर्सने तो पूर्ण भरून निघत नाही. धीर धरवत नसेल तर सीएपीएम (याच क्षेत्रातली सुरुवातीची प्रमाणपत्र परीक्षा) द्या, तिला अनुभवाची अट नाही, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. आणि कॉलेज निवडताना शेवटच्या सेमिस्टरला खऱ्या कंपनीत काम करायला मिळतं का, हे सीनिअर्सना नक्की विचारा.