फॉर्म भरला तर मूल काढून घेतील का?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एकट्या आया हा प्रश्न पहिल्या भेटीत कधीच विचारत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, उठता उठता, पर्स खांद्याला लावताना विचारतात. "मॅडम, ते बालसंगोपनचं भरलं, तर मुलाला सरकार ताब्यात घेतं का हो?"

बालसंगोपन ही आई किंवा वडील नसलेल्या मुलांच्या घराला महिन्याला पैसे देणारी राज्याची योजना, आणि उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, हे मला एका बाईने शिकवलं. तिला विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

ती आली ती झोपेच्या तक्रारीसाठी. वय २९. नवरा दीड वर्षापूर्वी अपघातात गेलेला, मुलगा चार वर्षांचा, घरात सासूबाई. ती मेडिकलच्या दुकानात काउंटरला, सकाळी साडेनऊ ते रात्री आठ, पगार साडेसात हजार. रात्री झोपेऐवजी काय येतं, असं विचारलं तर म्हणाली, "हिशोब येतो." अंगणवाडी दुपारीच सुटते. सासूबाईंचे गुडघे गेलेले, चार वर्षांच्या पोरामागे पळणं त्यांच्याने होत नाही. म्हणून गल्लीतल्या एका काकूंच्या पाळणाघरात त्याला ठेवलेलं, महिना १८०० रुपये. दोन महिन्यांचे पैसे थकले होते.

"काकू काही बोलत नाहीत हो. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याला दारातच सोडते आणि वळून न बघता पळते."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे, पण हिच्या दुकानात माणसं चार. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, पण तिच्या वस्तीतल्या अंगणवाडीत ते नव्हतं. राहिली आपल्या राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या, किंवा आईवडील गंभीर आजारी असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी महिना २२५० रुपये. हा आकडा २०२३ पासूनचा. त्याआधी ११०० होता आणि त्याही आधी ४२५. म्हणजे काकूंचे पैसे देऊन वर साडेचारशे उरतील. मी उत्साहाने कागदांची यादी लिहून दिली. पतीच्या मृत्यूचा दाखला, दोघांची आधार कार्डं, मुलाचा जन्मदाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आणि आईसोबत मुलाचा घरासमोर काढलेला फोटो. खाली जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता. अर्जाला फी नाही आणि कोणा एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही, हेही अधोरेखित केलं.

ती तीन आठवडे फिरकलीच नाही.

इतक्या वर्षांच्या कामानंतरही माझी ही खोड जात नाही. समोरच्याचा प्रश्न माहितीने सुटण्यासारखा दिसला की मी माहिती देऊन मोकळी होते. तिला यादी नको होती असं नाही. यादी तिने घडी करून पर्समध्ये ठेवली होती, परत आली तेव्हा घडीवर कागद फाटायला आला होता. म्हणजे रोज काढून बघत होती.

काय झालं, ते तुकड्यातुकड्याने कळलं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "आमचा नातू काय अनाथ आहे? त्याचा बाप गेलाय, आज्जी मेलेली नाही." लोकांच्या तोंडी ही 'अनाथांची योजना' झाली आहे, त्यामुळे हा राग मला खूप घरांत भेटतो. (खरं तर मला स्वतःला 'लाभार्थी' हा शब्दसुद्धा आवडत नाही. जिचा नवरा किंवा ज्याचा बाप गेलाय त्यांना कसला लाभ?) तरी ती एका सोमवारी सुट्टी टाकून गेली. कक्षातल्या माणसाने बरोबर माहिती दिली, आणि पुढे मंजुरीचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन यावं लागेल म्हणून ती जागाही दाखवून ठेवली. ती तिथवर चालत गेली. फाटकावर पाटी होती, बालगृह.

"आत खिडकीत मुलं दिसली. एकसारख्या शर्टातली. मी तिथूनच रिक्षा केली, मॅडम. मला रिक्षा परवडत नाही, तरी केली."

समिती तिथे का बसते, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. समितीच्या बैठका बालगृहाच्या आवारात किंवा त्याच्याजवळ घ्याव्यात, असं बाल न्याय कायद्याच्या नियमांतच आहे. तिथल्या मुलांचे निर्णय समितीला घ्यायचे असतात, म्हणून. पण मूल कडेवर घेऊन मदत मागायला आलेल्या बाईला ती पाटी कशी दिसत असेल? त्यात समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून ऑफिसातले लोकही सहज बोलून जातात, "कोर्टासमोर यावं लागेल." कोर्ट आणि बालगृह हे दोन शब्द एका वाक्यात आले की कुठलीही आई पळेल.

मी तिला कायदा सांगितला, कारण तो तिच्या बाजूचा आहे. मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा मार्ग, ही बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३ मधली तत्त्वं आहेत. कलम ४५ मध्ये कुटुंबाला आर्थिक आधार कोणाकोणाला द्यावा हे लिहिलं आहे, आणि तिथे पहिलंच नाव विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेल्या आईचं आहे. सरकारी भाषेत या योजनेला संस्थाबाह्य सेवा म्हणतात. मूल संस्थेत जाऊ नये, घरीच वाढावं, म्हणूनच ते पैसे असतात. तिच्या मनात नेमकं उलटं बसलं होतं.

तिने सगळं ऐकलं, मान डोलावली. चेहरा तसाच.

मग मी म्हटलं, "बरं, तुम्ही आत गेलात असं समजा. पुढे काय होतं? मध्ये थांबू नका, अगदी शेवटपर्यंत सांगा."

ती डोळे मिटून बोलायला लागली. समोर टेबल, पलीकडे पाच माणसं. त्यांतली एक बाई मुलाला जवळ बोलावते. विचारते, तुला कोण जेवायला घालतं? तो म्हणतो, काकू. दुपारी कोण झोपवतं? काकू. आई कधी येते? अंधार पडल्यावर. बाई मान हलवते आणि कागदावर लिहिते.

"काय लिहिते?"

बराच वेळ गेला. "आई सांभाळत नाही."

समितीतल्या कोणीही हे म्हटलेलं नव्हतं. कोणी तिला अजून पाहिलंही नव्हतं. हे वाक्य रोज सकाळी काकूंच्या दारातून पळताना ती स्वतःलाच ऐकवत होती. दीड वर्ष. फॉर्म अडला होता तो तिथे.

पुढच्या दोन भेटी आम्ही योजनेचं नावही काढलं नाही. पाळणाघर कसं निवडलं, एवढंच बोललो. आणि कळलं की तिने तीन पाळणाघरं पाहिली होती. एका ठिकाणी मुलांना टीव्हीसमोर बसवून ठेवतात म्हणून नाकारलं, दुसऱ्या ठिकाणी जिन्याला कठडा नव्हता म्हणून. काकूंकडे ती आधी न सांगता भर दुपारी जाऊन आली होती, मुलं खरंच झोपतात का ते बघायला. मी विचारलं, "हे सगळं केलं कोणी? काकूंनी?" ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या आठवड्यात तिने मालकाकडून उचल घेऊन काकूंचा एक महिना चुकता केला. आणि सकाळी दारातून पळण्याऐवजी दोन मिनिटं थांबायला लागली. हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच.

नंतर कागदांची रड सुरू झाली, ती थोडक्यात सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या वडिलांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. दुरुस्तीत दीड महिना गेला. तुम्ही अर्ज करणार असाल तर सगळे कागद शेजारी शेजारी मांडून नावं आधी ताडून बघा, बाकीचं नंतर. पण तिला खरा त्रास झाला तो प्रत्येक टेबलावर 'मिस्टर काय करतात?' याला उत्तर देण्याचा. एका ठिकाणच्या भाऊसाहेबांनी तर अपघात कसा झाला, चूक कोणाची, हेही विचारून घेतलं. त्यावर आम्ही एक वाक्य घोटून ठेवलं, "ते अपघातात गेले, दाखला जोडलाय." पुढे काहीही विचारलं तर बोट दाखल्यावर ठेवायचं. माझ्या खुर्चीत ती बसली, तिच्या खुर्चीत मी, आणि मी मन लावून आगाऊ प्रश्न विचारले. चौथ्या वेळी तिचं बोट आपोआप टेबलावर आलं.

गृहचौकशीची गंमत मात्र सांगायलाच हवी. सामाजिक कार्यकर्ती घरी येणार म्हटल्यावर शेजारीण सांगून गेली की मिक्सर दिसला तर पैसे मिळत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, पाहुणी येणार, घर कसं दिसलं पाहिजे! त्यामुळे पलंगावर लग्नातली नवी चादर आणि पलंगाखाली फडक्यात गुंडाळलेला मिक्सर. आलेली मुलगी पंचविशीची. तिने पाणी घेतलं, मूल कुठे झोपतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, अशा चार गोष्टी विचारल्या. तेवढ्यात मुलाने पलंगाखाली जाऊन मिक्सर ओढून बाहेर आणला आणि 'घुर्रर्र' करून दाखवला. तिने तो वर उचलून ठेवायला मदत केली आणि म्हणाली, "आजी, हा ओट्यावरच बरा. पोराचा हात जाईल."

मिक्सर लपवू नका, हे त्यानंतर मी सगळ्यांना सांगते. येणारं माणूस मूल घरात नीट वाढतंय का ते बघायला येतं. घर जितकं भकास दाखवाल तितकं ते तुमच्याच विरुद्ध जाईल. उत्पन्नासाठी दाखला असतोच. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिना ४००० रुपयांची प्रायोजकत्वाची मदतही असते. त्या मदतीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, गावात ७२,००० आणि शहरात ९६,०००. आपण कशात बसतो, हे त्याच कक्षात विचारायचं. हिचा अर्ज त्यांनी बालसंगोपनमध्ये घेतला.

फोटो काढायला पुन्हा आठवडा गेला. घरासमोर उभं राहायचं तर मागे दार येतं, आणि दारावर अजून नवऱ्याच्या नावाची पाटी. ती डावीकडे सरकायची, मग फोटोत दारच यायचं नाही. शेवटी सासूबाई बाहेर आल्या, पदराने पाटीवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "काढ आता. त्याच्याच पोराचं काम आहे." नंतर कधी 'अनाथ' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, असं ती सांगते. मी खोदून विचारलं नाही.

समितीसमोर जायच्या आदल्या दिवशी मुलाला काय पढवून ठेवू, असं तिने फोनवर विचारलं. काही नको, म्हटलं. पढवलेलं मूल लगेच कळतं, आणि त्याच्या छातीवर ओझं होतं ते वेगळंच.

आदेश झाला. पैसे महिन्याच्या महिन्याला येतील या भरवशावर काकूंना शब्द देऊ नका, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, ते बरं झालं. पहिली रक्कम कित्येक महिन्यांनी, एकदम साचून आली. ती पासबुक घेऊनच माझ्याकडे आली, कारण छापलेल्या ओळीत योजनेचं नाव तिला सापडेना. ओळ मी दाखवली. आदेशावर मुदत लिहिली आहे का तेही दोघींनी वाचलं आणि तिने मोबाइलमध्ये दोन महिने आधीची आठवण लावली.

मग, पर्स खांद्याला लावताना, तिने ते सांगितलं.

"मॅडम, त्या दिवशी समितीतल्या बाईंनी त्याला खरंच विचारलं. दिवसभर कोणाकडे असतोस?"

"मग?"

"म्हणाला, काकूकडे. वर म्हणाला, काकू आईपेक्षा छान गोष्ट सांगते."

"त्या बाई काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, कुठली गोष्ट? तो सांगायलाच लागला, थांबेना. शेवटी मला म्हणाल्या, पाळणाघर चांगलं शोधलंत." ती दारापाशी थांबली. "मला वाईट वाटायला पाहिजे होतं का हो?"

"वाटलं का?"

"दोन मिनिटं वाटलं. मग आम्ही दोघांनी बाहेर वडापाव खाल्ला."