रोल १ वर न थांबता पुढे गेला? आधी ते दोन रोलर बघा

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या रोलायफ्लेक्स या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात रोल भरला, हँडल फिरवत राहिलात आणि आकडा १ वर न थांबता अख्खा रोल पलीकडे गुंडाळला गेला. दुकानदार म्हणाला, "गिअर गेलेत, पार्टसाठी देऊन टाका." देऊ नका! तुम्ही टाकलेल्या फोटोत खाली झाइसची टेसार ७५ मिमी, एफ ३.५ लेन्स, कॉम्पुर-रॅपिड शटर आणि बाजूला हँडल दिसतंय. म्हणजे हा बहुधा ऑटोमॅट मॉडेल. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने पहिला रोलायफ्लेक्स १९२९ मध्ये काढला आणि ऑटोमॅट १९३७ मध्ये.

ऑटोमॅटची खरी करामत रोल भरण्यात आहे. इतर बऱ्याच टीएलआरमध्ये (वर बघायची आणि खाली फोटोची अशा दोन लेन्सचे कॅमेरे) फिल्मच्या मागच्या कागदावरचा बाण खुणेशी जुळवून मग झाकण लावायचं असतं. इथे बाण बघायचाच नाही. मागचं झाकण उघडलं की खालच्या स्पूलजवळ दोन रोलर दिसतील. कागदाचं टोक त्या दोघांच्या मधून काढायचं, वर ओढून रिकाम्या स्पूलच्या खाचेत अडकवायचं, थोडं ताणून घ्यायचं आणि झाकण बंद. नुसता कागद जाईपर्यंत हँडल मोकळं फिरतं. जिथे कागदाला फिल्म चिकटवलेली असते तिथे जाडी वाढते, रोलरला ती कळते आणि गिनती सुरू होते. कागद रोलरांच्या वरून नेलात तर कॅमेऱ्याला फिल्म आहे हेच कळत नाही. माझी पैज याच्यावरच. मुदत संपलेला एखादा १२० आकाराचा रोल मिळवा आणि कागद रोलरांच्या मधून नेऊन, झाकण बंद करून बघा. त्यानंतरही थांबला नाही, तरच मेकॅनिक.

पुढे प्रत्येक फोटोला हँडल अडेपर्यंत पुढे, मग अडेपर्यंत मागे. फिल्म सरकते आणि शटरही चढतं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी तयार होतं. एका रोलमध्ये ६×६ सेंमीचे १२ फोटो.

१/५०० सेकंदाचा शटरचा वेग हवा असेल तर हँडल फिरवण्याआधी लावा; शटर चढल्यावर तिकडे जबरदस्ती नको. सेल्फ-टायमरला हातच लावू नका, जुन्या शटरमध्ये तो मध्येच अडकून बसतो. १ सेकंदाचा वेग रेंगाळत असेल तर आतलं ग्रीस सुकलंय. वरून तेल सोडायचा मोह आवरा, ते शटरच्या पात्यांवर पसरतं.

वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, पळणाऱ्या पोराच्या मागे कॅमेरा नेताना सुरुवातीला धांदल उडणारच. जवळच्या फोटोत डोकं कापलं जाईल ही भीती मात्र नको, फोकसची गुंडी फिरते तशी काचेखालची चौकटही सरकते. आतला आरसा फडक्याने पुसू नका. चांदीचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, निघून येतो. ब्लोअरने धूळ उडवा, बास.

खालच्या लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का तेवढं बघा आणि फोटो टाका. या ऑटोमॅटमध्ये प्रकाश मोजणारा मीटर नाही, पहिल्या रोलला फोनवरचं मीटरचं अ‍ॅप चालेल.